लॉन मोवरची रेस वर-खाली होतेय, मिसिंग मारतंय? कार्बोरेटर उघडायच्या आधी आणि उघडल्यावर काय काय बघायचं

पाऊस सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत लॉन हाताबाहेर जातं आणि मग उन्हाळाभर ताडपत्रीखाली पडलेलं मोवरचं मशीन बाहेर निघतं. दोरी ओढायची, ओढायची, कसंबसं चालू होतं, पण मग घूंऽऽ करून रेस वाढते, लगेच पडते, परत वाढते, परत पडते, आणि जरा दाट गवतात घातलं की मान टाकतं. मग कोणीतरी म्हणतं कार्ब (पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर) साफ करा, कोणी म्हणतं प्लग (ठिणगी पाडणारा) बदला, कोणी सरळ स्क्रूड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवायला लागतं आणि जे अर्ध्या तासाचं काम होतं ते दोन रविवारांचं होऊन बसतं.

म्हणून हे सगळं एका जागी नीट लिहितोय. हे मागून ढकलत चालवायच्या मोवरबद्दल आहे, म्हणजे साधारण १४० ते २०० सीसीचं, एका सिलिंडरचं, फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन आणि खाली वाटी आणि तिच्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असलेला कार्बोरेटर. होंडाचं जीसीव्ही १६० घ्या किंवा त्या पद्धतीचं दुसरं कुठलं घ्या, आतली रचना जवळपास तीच. पॉवर वीडर, पाण्याचा छोटा पंप, छोटा जनरेटर यांच्यावरचं इंजिनसुद्धा याच जातीचं असतं त्यामुळे द्राक्षाच्या नाहीतर हळदीच्या रानात वीडर चालवणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. खांद्याला लटकवायचा ग्रास कटर मात्र वेगळा, बऱ्याच ग्रास कटरमध्ये पडद्याचा म्हणजे डायफ्रामचा कार्ब असतो, त्याला फ्लोट नसतो, त्याची तपासणी वेगळी.

माझं म्हणणं एकच आहे, पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन ऐका आणि चोक (कार्बमध्ये जाणारी हवा कमी करायचा दांडा) वापरून बघा. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय का जास्त होतंय का ठिणगी चुकतेय, हे ते स्वतः सांगतं. ते कळलं की अर्धी कामं करायचीच राहत नाहीत.

आधी सुरक्षेचं, हे वगळू नका. पात्याजवळ हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढून बाजूला करायचीच, नुसतं बंद आहे म्हणून चालणार नाही, कारण पातं हाताने फिरवलं तरी इंजिन एक धक्का मारू शकतं आणि तेवढ्यात बोटं जातात. पेट्रोलचं काम उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट नको, देवघरातली समई, गॅसची शेगडी काही नको. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासत बसू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि मोवर आडवा करायची वेळ आली तर कार्ब आणि एअर फिल्टरची बाजू वर राहिली पाहिजे, उलटं केलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि कार्बमध्ये उतरतं आणि मग पांढरा धूर काढत बसतं.

आधी ऐका

मशीन चालू करून दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडा, आणि ऐका.

रेस आपोआप लयीत वर-खाली होत असेल, याला मेकॅनिक लोक हंटिंग म्हणतात, तर बहुतेक वेळा इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. हे असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. या इंजिनात वेग सांभाळणारा गव्हर्नर असतो, आतमध्ये वेगाने फिरणारी वजनं नाहीतर फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) हवेने ढकलली जाणारी पट्टी, आणि बाहेर एक सळी आणि स्प्रिंग, जी कार्बची झडप उघड-बंद करते. वेग पडला की गव्हर्नर झडप उघडतो. पेट्रोल पुरेसं नसल्यामुळे वेग पडला, गव्हर्नरने झडप जास्त उघडली, इंजिन एकदम उसळलं, वेग जास्त झाला, गव्हर्नरने झडप मिटली, की परत पातळ मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त), परत वेग पडला. हेच चक्र चालू राहतं. बघणाऱ्याला वाटतं गव्हर्नर बिघडला म्हणून तो स्प्रिंग ओढायला, सळी वाकवायला जातो. कृपा करून करू नका, गव्हर्नर त्याचं काम बरोबर करतोय. आणि त्याची सेटिंग हलली तर इंजिन ठरलेल्या वेगाच्या वर जाऊ शकतं, तेव्हा आतली कनेक्टिंग रॉड तुटू शकते आणि खाली पातं फिरतंय हे तर आहेच.

आता चोकची परीक्षा. हंटिंग चालू असताना चोक हळूहळू अर्धा बंद करा. चोक म्हणजे हवा कमी करणं, म्हणजे मिश्रण घट्ट होणं. इंजिन लगेच एका आवाजात शांत चालायला लागलं तर झालं निदान, पेट्रोल कमी पडतंय. कारण जेटमध्ये (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) कचरा, पाइप-फिल्टरमध्ये अडथळा, नाहीतर कुठूनतरी फुकटची हवा आत घुसतेय. उलट चोक लावल्यावर आणखी बिघडलं, गुदमरलं, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय. तेव्हा एअर फिल्टर, अर्धवट अडकलेला चोक, नाहीतर वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची नीडल नीट बसत नाहीये.

काही मॉडेलना चोकचा दांडाच नसतो, तो आपोआप उघडतो. तिथे एअर फिल्टर काढून कार्बच्या तोंडावर एखादी पातळ पट्टी थोडी आडवी धरून तीच परीक्षा करता येते, फक्त चिंधी वापरू नका, ती आत ओढली जाते.

मध्येच फट्... फट्... असं मिसिंग मारत असेल आणि त्याला काही लय नसेल तर प्लग, प्लगची टोपी, प्लगला वीज देणारी कॉइल नाहीतर पेट्रोलमध्ये पाणी. पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग बंद पडतं आणि थोडं थांबून परत चालू होतं, असं असेल तर पहिला संशय टाकीच्या झाकणावर. झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं, ते धुळीने बंद झालं की पेट्रोल जसं जसं कमी होतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. बंद पडायला लागलं की झाकण थोडं सैल करून बघा, फुस्स आवाज येऊन इंजिन सावरलं तर बाकी काहीही उघडायची गरज नाही, झाकण धुवा. झाकण सैल करूनही फरक नाही तर गरम असतानाच लगेच ठिणगी तपासायची, कॉइल गरम झाल्यावर कधीकधी ठिणगी सोडून देते आणि थंड झाल्यावर परत शहाण्यासारखी वागते.

आणि एक गोष्ट, पुष्कळ लोक थरथरीला इंजिनचा बिघाड समजतात. पातं दगडावर आपटून वाकलेलं असेल किंवा त्याचा बोल्ट सैल असेल तर सगळं मशीन हातात थरथरतं. मोवरमध्ये पातं हे फ्लायव्हीलचंही काम करतं, त्यामुळे ते सैल असेल तर इंजिन खरोखरच धक्के खातं, दोरी उलटी झटका मारते. म्हणून प्लगची टोपी काढून पातं आधी बघून घ्या, आणि डेकखाली (पात्यावरचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं कवच) ओल्या गवताचा जो घट्ट थर बसलेला असतो तोही खरवडून टाका. त्या थराने पात्यावर एवढा भार येतो की चांगलं इंजिनसुद्धा धापा टाकतं.

पेट्रोल, बहुतेक वेळा इथेच आहे सगळं

मार्चमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल जूनमध्ये पेट्रोल राहत नाही. त्यातला हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि जो उरतो तो हळूहळू चिकट होत जेटमध्ये पिवळट-हिरवट थर धरतो. त्यात आता इथेनॉल. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं ते जवळपास सगळीकडे ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, ऊस आणि धान्यापासून केलेलं. गाडीसाठी ते चांगलं का वाईट या वादात मी पडत नाही, पण मोवरसारख्या वर्षातले चार-सहा महिने झोपणाऱ्या छोट्या इंजिनाला त्याचा त्रास होतो आणि तो दोन प्रकारे होतो.

पहिला, इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत, अर्धी रिकामी टाकी आणि झाकणाला भोक, म्हणजे पाणी जमायला पूर्ण सोय. ठरावीक प्रमाणाच्या वर पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि कार्बला पेट्रोल तळातूनच जातं. दुसरा त्रास थोडा आतला आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, वजनाने साधारण ३५ टक्के. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च किलो लागते. नव्या गाडीतलं कॉम्प्युटरवालं इंजेक्शन हे ओळखून पेट्रोल वाढवतं, पण मोवरच्या कार्बमधलं जेट म्हणजे पितळेतलं ठरलेलं भोक, ते काही ओळखत नाही. म्हणजे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बेतलेलं इंजिन ई२० वर आपोआप थोडं पातळ चालतं, आणि त्यात जेटमध्ये थोडासा जरी थर बसला की हंटिंग सुरू. अशा बऱ्याच छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के दिलेली असते, तुमच्या इंजिनाची काय आहे ते एकदा वाचून घ्या.

तर करायचं काय, कार्बच्या वाटीच्या खाली निचऱ्याचा छोटा स्क्रू असेल तर तो सोडा, नसेल तर वाटीचा बोल्ट सैल करा, आणि खाली काचेची स्वच्छ बाटली धरा. दोन मिनिटं उजेडात ठेवून बघा. तळाशी गोल थेंब वेगळे पळताना दिसले तर पाणी, तपकिरी गाळ दिसला तर गंज, आणि वासच जर व्हार्निशसारखा, नाकाला झोंबणारा येत असेल तर पेट्रोल मेलेलं आहे. सगळं काढून टाका, टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने विसळा, नवं पेट्रोल भरा, आणि मग परत ऐका. हे एवढं करून पुष्कळ मशीन पाच-दहा मिनिटांत सुरळीत होतात. काढलेलं पेट्रोल मोरीत नाहीतर झाडाच्या मुळाशी ओतू नका, विहिरीचं पाणी खराब होतं, मेकॅनिककडे द्या, तो पार्ट धुवायला वापरतो.

पेट्रोल खाली किती येतंय तेही बघा. कार्बला जाणारा रबरी पाइप काढून बाटलीत सोडा, पेट्रोलचा कॉक उघडा. सलग धार यायला पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर टाकीतली जाळी, मधला फिल्टर, नाहीतर आतून फुगलेला पाइप. इथेनॉलने जुने रबरी पाइप कडक होऊन चिरतात किंवा आतून मऊ पडून त्याचे कण सुटतात, पाइप वाकवून बघा, चीर दिसली तर लगेच बदला, स्वस्तातली वस्तू आहे.

एअर फिल्टर आणि प्लग

फिल्टर काढून क्षणभर इंजिन चालवून बघा, गवत कापू नका, नुसतं चालवा. आवाज मोकळा झाला तर फिल्टरच बंद झालाय. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही, ऑइल लावायचं नाही, हलकेच आपटून धूळ काढायची, काळा पडला असेल तर नवा. स्पंजचा असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग थोडं इंजिन ऑइल टाकून दाबून दाबून जास्तीचं काढून टाका. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कोरडं गवत कापताना जी लाल माती उडते तिने फिल्टर पार बुजून जातो.

प्लग इंजिन थंड असताना काढा आणि त्याचा रंग बघा. बिस्किटासारखा फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला काळा, बोटाला चिकटणारा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरा फटक म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन तापतंय, हे दिसलं तर तसंच रेटून कापत राहू नका. जीसीव्ही १६० ला एनजीकेचा बीपीआर६ईएस प्लग लागतो आणि त्याची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवायची, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजून, अंदाजाने नाही. दुसऱ्या इंजिनाला त्याच्या पुस्तिकेतला नंबर बघा. दुकानदार त्याच्याकडचा बाइकचा एखादा बसणारा प्लग देतो, बसतोही, पण चुडीची (प्लगच्या आट्यांची) लांबी वेगळी असेल तर आत पिस्टनला लागू शकतो. नवा प्लग आधी हाताने पूर्ण फिरवायचा, टेकला की पान्याने अर्धा आटा, बस. सिलिंडरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावला की चुडी गेली.

ठिणगी बघताना प्लगची लोखंडी बाजू इंजिनाच्या धातूला टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब. निळसर, कडकडीत ठिणगी पाहिजे. पिवळी, अधूनमधून येणारी असेल तर आधी नवा प्लग लावून बघा आणि टोपीतली वायर हलत नाही ना ते तपासा.

आता कार्ब

इथपर्यंत सगळं केलं आणि अजूनही अर्ध्या चोकवरच नीट चालतंय, तर मग कार्ब उघडायचा. पेट्रोल कॉक बंद, प्लगची टोपी काढलेली. पहिलं काम फोटो. मोबाइलने तीन-चार बाजूंनी फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरची सळी आणि तिच्यावरची केसासारखी बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे ते, कारण शेजारी शेजारी दोन-तीन भोकं असतात आणि चुकीच्या भोकात गेली की सगळं साफ करूनही हंटिंग तसंच राहतं. एअर फिल्टरचा डबा काढा, मग कार्ब दोन लांब बोल्टवरून बाहेर सरकतो. त्याच्या मागे पॅकिंग, मग काळा जाडसर इन्सुलेटर, मग परत पॅकिंग असतं. ते ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने एका वर्तमानपत्रावर मांडून ठेवा, कुठली बाजू इंजिनाकडे होती ते पेनाने लिहा. पॅकिंगना भोकं असतात आणि ती उलटी बसली तर हवेची वाट बंद होते.

खालच्या वाटीचा बोल्ट बहुतेक वेळा १० नंबरच्या पान्याने सुटतो. त्याचा फायबर वॉशर आणि वाटीचं रबर जपा. आत फ्लोट दिसेल, त्याची पिन बाजूला सरकवली की फ्लोट आणि त्याला लटकलेली नीडल बाहेर येते. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळत असेल तर तो बुडतो, बदलावा लागेल. नीडलच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर ती पेट्रोल थांबवू शकत नाही, वाटी भरून वाहते, इंजिन काळा धूर काढतं आणि कधीकधी पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढलंय आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय असं झालं तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचंच नाही.

आता मुख्य जेट. मधल्या खांबात खालून पितळेचा खाचवाला स्क्रू दिसतो, तेच जेट. खाचेत बरोबर बसेल असा रुंद स्क्रूड्रायव्हर घ्या, छोटा घेतला की पितळ मऊ असल्यामुळे खाच फाटते. जेट काढल्यावर कार्ब सरळ करून टकटक केलं की आतून एक पितळी नळी पडते, तिच्या अंगाला बारीक बारीक भोकं असतात. पेट्रोल आणि हवा आधी या नळीत मिसळतात आणि फेसासारखं होऊन वर जातं. पुष्कळ लोक जेट साफ करतात आणि ही नळी आतच विसरतात.

पण रिकाम्या चालण्यातल्या हंटिंगचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा वेगळाच असतो, तो म्हणजे पायलट जेट, म्हणजे कमी रेसचं जेट. ते वरच्या बाजूला, रेसच्या स्क्रूजवळ किंवा त्याच्याच खाली लपलेलं असतं, बऱ्याचदा काळं प्लॅस्टिकचं, रबरी रिंग लावून नुसतं दाबून बसवलेलं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. पेट्रोल तिथे सुकलं की सगळ्यात आधी हेच बंद होतं. हलकेच पकडीने वर ओढा, उजेडाकडे धरा. भोकातून गोल, स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे. अंडाकृती दिसला किंवा कडेला सावली दिसली तरी ते साफ नाही असंच समजा.

साफ करायला कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि हवा. स्प्रे मारायच्या आधी सगळी रबरं, रिंगा, नीडल बाजूला काढा, त्या स्प्रेने रबर फुगतं. डोळ्यांवर चष्मा घाला, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो. फिल्टरच्या बाजूच्या तोंडाशी दोन-तीन बारीक भोकं असतात, आणि आत झडपेच्या कडेलाही दोन-तीन असतात, प्रत्येकात मारा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघा. सगळीकडून जोरात धार आली म्हणजे वाटा मोकळ्या. हवेसाठी कंप्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे जाऊन मारून आणा. जेटमध्ये कचरा हट्टाने बसला असेल तर वायरमधली तांब्याची एकच तार काढून ती हलकेच फिरवा. सुई, दाभण, स्टीलची तार अजिबात नाही, पितळ घासलं जातं आणि भोक मोठं झालं की ते जेट कायमचं गेलं. कार्ब फारच चिकटलेला असेल तर सगळे पितळी भाग रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी परत हवा मारा. एवढं करून भोक उघडलं नाही, किंवा वाटी आतून गंजून पोखरली असेल, ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर धरली असेल, तर त्या कार्बच्या मागे लागू नका, नवा लावा, बऱ्याच इंजिनांना तो सहज मिळतो.

मिश्रणाचा स्क्रू असेल तर तो काढायच्या आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढेच बाहेर. जोराने आत आवळला तर त्याचं टोक आणि त्याची जागा दोन्ही खराब होतात. नव्या इंजिनांना तो बंद करून टाकलेला असतो किंवा नसतोच, प्रदूषणाच्या नियमांमुळे, आणि म्हणूनच ही इंजिनं मुळातच थोडी पातळ सेट केलेली असतात, थोडा कचराही त्यांना चालत नाही.

बसवताना पॅकिंग फाटलेलं असेल तर नवंच लावा, सिलिकॉन थापू नका, त्याचे तुकडे सुटून परत जेटमध्ये जातात. सगळं जोडून झालं की इंजिन चालू न करता कॉक उघडा आणि दहा मिनिटं थांबा. कुठून ठिबकत नाही ना, हे बघूनच दोरी ओढा.

कार्ब साफ झाला तरी तसंच

मग बाहेरची हवा. कार्ब आणि इंजिनाच्या मधल्या पॅकिंगातून किंवा चिरलेल्या इन्सुलेटरमधून हवा ओढली जात असेल तर जेट कितीही साफ असलं तरी मिश्रण पातळच. चालू इंजिनवर त्या सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, रेस बदलली की गळती तिथेच. बरेच जण याला कार्ब क्लीनर वापरतात, पण शेजारी तापलेला सायलेन्सर असतो, आग लागायला क्षण पुरे, पाणीच वापरा. पाणी मात्र प्लगच्या टोपीवर उडू देऊ नका.

दुसरं फ्लायव्हीलची चावी. मशीन दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, पाण्याच्या पाइपच्या लोखंडी तोंडावर आपटून एकदम थांबलं होतं का, हे आठवा. फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यामध्ये एक छोटी चावी असते, ती अशा धक्क्यात थोडी कापली जाते, फ्लायव्हील किंचित सरकतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. लक्षण असं की ठिणगी छान, पेट्रोल छान, कार्ब स्वच्छ, तरी चालू व्हायला त्रास, दोरी हातातून हिसकते, आणि ताकद नाही. चावी चार पैशाची, पण फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, हातोड्याने ठोकून काढू नका, क्रँक वाकडा झाला की संपलं. फ्लायव्हील उघडलंच आहे तर पंख्याच्या जाळीत आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये अडकलेलं गवतही काढून घ्या, त्यानेही इंजिन तापून धक्के खातं.

तिसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट. जीसीव्ही १६० ला इंजिन पूर्ण थंड असताना हवा आत घेणाऱ्या व्हॉल्वला ०.१५ आणि धूर बाहेर सोडणाऱ्याला ०.२० मिलिमीटर फट पाहिजे. खूप चाललेल्या इंजिनात ही फट बदलते आणि मग गरम झाल्यावर ताकद जाते, चालू व्हायला त्रास होतो. फिलर गेज वापरता येत असेल तर घरी जमतं, नाहीतर इथे मेकॅनिककडे द्या. दोरी ओढताना काहीच अडत नसेल, हलकी हलकी येत असेल, तर कॉम्प्रेशन गेलंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व, तिथे कार्बचा काही संबंध नाही आणि त्यावर आणखी वेळ घालवू नका.

मशीन ठेवून देताना

शेवटचं गवत कापून झालं, आता दोन महिने लागणार नाही असं दिसलं, की टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. एवढ्याने वाटीत तळाला थोडं राहतंच, म्हणून वाटीचा निचऱ्याचा स्क्रू सोडून तेही काढा आणि परत आवळा. आपल्याकडे हे मार्चच्या आसपास, अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी थंडी सुरू होताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल टाका, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत लावा. ऑइलही तेव्हाच बदला, वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल इंजिनात चार महिने ठेवून काही फायदा नाही.

हंगाम चालू असताना पेट्रोल महिन्याभरात संपेल एवढंच आणा, घट्ट झाकणाच्या पेट्रोलसाठीच्या डब्यात, पाण्याच्या बाटलीत नाही, आणि डब्यावर आणल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. टाकीत ओतताना बारीक जाळीचं नरसाळं वापरा आणि डब्याच्या तळाचं शेवटचं बोटभर पेट्रोल मोवरमध्ये ओतू नका, पाणी आणि कचरा असेल तर त्यातच असतो.